लोणी फेसण्याची विद्या

केकवर चढवल्या जाणाऱ्या मऊ, गोड आणि सुवासिक थराला मराठी घरांत सरसकट ‘आयसिंग’ म्हटले जाते आणि बेकरीच्या काउंटरवर त्यालाच ‘क्रीम’ हे नाव मिळते. प्रत्यक्षात या एका सवयीच्या शब्दाखाली स्वभावाने अगदी निराळे असे तीन पदार्थ दडलेले आहेत. पिठीसाखर थोड्या पाण्यात किंवा दुधात कालवून केकवर ओतली की जो पातळ, चकचकीत आणि वाळल्यावर पापुद्र्यासारखा होणारा लेप बसतो, तो ग्लेझ होय. अंड्याच्या पांढऱ्या बलकात साखर घोटून केलेला, सुकल्यावर खडीसाखरेसारखा टणक होणारा थर हे खरे आयसिंग. लोण्यात साखर फेसून केलेला, सुरीने हवा तसा पसरवता येणारा आणि जिभेवर विरघळणारा फुगीर थर म्हणजे फ्रॉस्टिंग. या लेखाचा विषय यांतला तिसरा पदार्थ, त्यातही त्याचे सर्वांत साधे रूप असलेले व्हॅनिलाचे फ्रॉस्टिंग हा आहे. कारण चॉकलेटच्या किंवा कॉफीच्या दाट चवीमागे जे दोष झाकले जातात, त्यांतला एकही व्हॅनिलाच्या फ्रॉस्टिंगमध्ये झाकला जात नाही.

यांतले टणक आयसिंग सर्वांत जुने. इंग्लंडमध्ये एलिझाबेथ रॅफल्ड यांनी १७६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाकपुस्तकात लग्नाच्या केकवर आधी बदामाचा आणि त्यावर साखरेचा असे दोन थर चढवण्याची रीत दिलेली आहे, आणि मुंबईतल्या ख्रिस्ती कुटुंबांच्या लग्नातील केकवर दिसणारे पांढरेशुभ्र, कडक आयसिंग त्याच परंपरेतले आहे. लोण्याचे फ्रॉस्टिंग मात्र विशेषतः अमेरिकेतील घराघरांतून रुजले आणि तेथील वाढदिवसाच्या केकबरोबर जगभर गेले. महाराष्ट्रात केकची जुनी ओळख इराणी बेकऱ्यांच्या मावा केकमुळे झाली, आणि त्या केकच्या अंगीच इतका खवा आणि वेलदोडा असतो की त्याला वरून कशाचीही जोड लागत नाही. त्यामुळे फ्रॉस्टिंग हे इथल्या स्वयंपाकघराला परके वाटते. परंतु त्यामागची मूळ क्रिया तितकी परकी नाही.

नानकटाई करताना थिजलेले तूप आणि पिठीसाखर परातीत घेऊन तळहाताने गोल गोल फेसत राहतात, आणि काही वेळाने तुपाचा पिवळेपणा जाऊन ते पांढरे, हलके आणि लोण्यासारखे फुललेले दिसू लागते. चिरोट्यांच्या किंवा साट्याच्या करंज्यांच्या पोळ्यांमध्ये लावायचा साटाही असाच तूप आणि कॉर्नफ्लोअर किंवा तांदळाची पिठी फेसून केला जातो. तुपाला पांढरा रंग कोणी घातलेला नसतो. हाताच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर त्यात हवेचे सूक्ष्म बुडबुडे कोंडले जातात आणि त्या असंख्य बुडबुड्यांवर प्रकाश विखुरल्यामुळे ते पांढरे दिसते. फ्रॉस्टिंग म्हणजे हेच फेसणे, फक्त तुपाच्या जागी लोणी आणि तळहाताच्या जागी बीटर. ज्या घरात नानकटाईचे तूप नीट फेसले जाते, त्या घराने फ्रॉस्टिंगची निम्मी विद्या आधीच कमावलेली आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

मग तुपाऐवजी लोणीच का, हा प्रश्न साहजिक आहे. लोणी हे शुद्ध स्निग्ध द्रव्य नसून त्यात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब विखुरलेले असतात. तेलकट पदार्थात पाणी किंवा पाण्यात तेलकट पदार्थ अशा प्रकारे एकजीव होऊन राहिलेल्या मिश्रणाला पायस म्हणतात. भारतीय अन्न मानकांनुसार बाजारातल्या लोण्यात किमान ८० टक्के स्निग्धांश आणि जास्तीत जास्त १६ टक्के पाणी असावे लागते. फ्रॉस्टिंगला या पाण्याची गरज असते, कारण साखर स्निग्धांशात मुळीच विरघळत नाही, ती विरघळते ती फक्त पाण्यात. लोणी कढवून तूप केले की हे पाणी उडून जाते, दुधातली प्रथिने बेरीच्या रूपाने खाली बसतात आणि निवताना स्निग्धांशाचे मोठे स्फटिक तयार होतात. रवाळपणा हा तुपाचा गुण मानला जातो आणि तो योग्यच आहे, पण जो पदार्थ सुरीखाली रेशमासारखा पसरायला हवा त्यात तोच गुण दोष ठरतो.

लोण्याचा स्निग्धांश एका ठरावीक तापमानाला एकदम वितळत नाही, ही त्याची सर्वांत महत्त्वाची खासियत आहे. त्यात अनेक प्रकारची मेदाम्ले असल्यामुळे तो टप्प्याटप्प्याने मऊ होत जातो: फ्रिजमधल्या ५ अंश सेल्सिअसला त्याचा जवळजवळ निम्मा भाग घनरूप असतो, २० अंशांच्या आसपास साधारण पंचमांश उरतो आणि ३५ अंशांना पोहोचेपर्यंत जवळपास सगळाच द्रव होऊन जातो. फेसताना कोंडलेल्या हवेच्या बुडबुड्यांभोवती हे घन स्फटिक कुंपणासारखे उभे राहतात आणि बुडबुडे फुटू देत नाहीत. लोणी फार थंड असेल तर ते ढेकळासारखे राहते आणि हवा आत शिरत नाही; फार मऊ असेल तर कुंपणच विरघळलेले असते आणि शिरलेली हवा निसटून जाते. म्हणून सर्व पुस्तके लोणी ‘खोलीच्या तापमानाचे’ घ्यावे असे सांगतात; पण ती पुस्तके लिहिणाऱ्यांची खोली १८ ते २० अंशांची असते आणि नागपूरची मे महिन्यातली खोली तशी नसते, हे ध्यानात न घेतल्यामुळे इथले कितीतरी केक बिघडतात. महाराष्ट्रातल्या उन्हाळ्यात लोणी फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवणे म्हणजे ते वाया घालवणे होय. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट आत रुतू नये आणि लोण्याच्या पृष्ठभागावर तेलकट चकाकी दिसू नये, ही खूण घड्याळापेक्षा भरवशाची आहे. उन्हाळ्यात ती दहा-पंधरा मिनिटांतच दिसते.

लोणी कोणते घ्यावे यावरही पुष्कळ अवलंबून असते. पावावर लावायचे पिवळे, खारट लोणी घरात सहज सापडते, परंतु मानकांप्रमाणे त्यात ३ टक्क्यांपर्यंत मीठ चालते, म्हणजे २५० ग्रॅम लोण्याबरोबर साडेसात ग्रॅमपर्यंत, चहाचा एक चमचा भरून थोडे उरेल इतके मीठ फ्रॉस्टिंगमध्ये जाऊ शकते. चिमूटभर मीठ गोडाला उठाव आणते, चमचाभर मीठ व्हॅनिलाला मारून टाकते. म्हणून बिनमिठाचे लोणी घेऊन मीठ आपल्या हाताने चिमटीनेच घालणे इष्ट. घरी सायीला विरजण लावून, घुसळून काढलेले लोणीही उत्तम चालते, मात्र ते ताजे हवे आणि त्यातले ताक पूर्णपणे निघालेले हवे. त्यासाठी लोण्याचा गोळा गार पाण्यात चार-पाच वेळा, पाणी नितळ राहीपर्यंत धुवावा, मग तिरप्या धरलेल्या परातीत उलथन्याने दाबत राहावे. आत अडकलेले पाणी थेंबाथेंबाने ओघळून खाली जमते. हे दाबण्याचे काम कंटाळवाणे असले तरी ते टाळल्यास फ्रॉस्टिंगला पाणी सुटते. म्हशीच्या दुधाच्या लोण्याचा येथे एक मोठा लाभ आहे. गाईच्या दुधात बीटा-कॅरोटिन हे पिवळे रंगद्रव्य उतरते, म्हैस मात्र त्याचे रूपांतर अ जीवनसत्त्वात करून टाकते, त्यामुळे तिचे लोणी जात्याच पांढरे असते आणि परदेशी बेकरांना ज्या शुभ्रतेसाठी खटपट करावी लागते ती मराठी स्वयंपाकघराला आपसूक मिळते.

आता साखर. अमेरिकी पद्धतीच्या साध्या फ्रॉस्टिंगचे प्रमाण एकास दोन असे असते: २५० ग्रॅम लोणी, ५०० ग्रॅम आयसिंग शुगर, दोन मोठे चमचे म्हणजे सुमारे ३० मिलिलिटर दूध, दोन छोटे चमचे व्हॅनिला आणि चिमूटभर मीठ. एवढ्यात २० सेंटिमीटर व्यासाचा दोन थरांचा केक आतून-बाहेरून झाकला जातो. या प्रमाणाचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. २५० ग्रॅम लोण्यात फार तर ४० ग्रॅम पाणी असते, ३० मिलिलिटर दुधातून आणखी २६ ग्रॅमच्या आसपास येते, म्हणजे एकूण पाणी ६५ ग्रॅमच्या घरात. साध्या तापमानाला पाण्यात त्याच्या वजनाच्या सुमारे दुप्पट साखर विरघळते. याचा अर्थ ५०० पैकी जेमतेम १३० ग्रॅम साखर विरघळेल आणि उरलेली ३७० ग्रॅम, कितीही वेळ फेटले तरी, कोरड्या कणांच्याच रूपात राहील. कणच जर राहणार असतील तर ते जिभेला कळणार नाहीत इतके बारीक असलेच पाहिजेत, आणि म्हणूनच फ्रॉस्टिंगसाठी घरातली दाणेदार साखर चालत नाही. तिची कचकच ही फेटण्यातल्या आळसामुळे येते असा समज आहे, पण ती पाण्याच्या अपुरेपणामुळे येते.

बाजारात मिळणाऱ्या आयसिंग शुगरमध्ये साखरेच्या अतिबारीक पुडीबरोबर साधारण ३ ते ५ टक्के कॉर्नफ्लोअर मिसळलेले असते, कारण इतकी बारीक साखर हवेतली ओल शोषून गोळा होते आणि ती ओल कॉर्नफ्लोअर स्वतःकडे ओढून घेते. मिक्सरमध्ये दळलेली घरची पिठीसाखर वापरायची असेल तर ती दळून दहा मिनिटे बसू द्यावी आणि नंतर वस्त्रगाळ करावी. पिठाच्या चाळणीतून चाळलेली साखर लाडवांना पुरते, फ्रॉस्टिंगला पुरत नाही.

प्रत्यक्ष कृतीत क्रमाला महत्त्व आहे. प्रथम नुसते लोणी खोलगट भांड्यात घेऊन विजेच्या बीटरने पाच ते सात मिनिटे फेसावे आणि मधूनमधून भांड्याच्या कडांना चिकटलेले लोणी स्पॅच्युलाने खाली ओढावे. रंग फिकट होत गेला, आकारमान वाढले आणि बीटरचा आवाज जड घरघरीकडून हलक्या फडफडीकडे वळला, म्हणजे लोण्याने हवा धरली. हा टप्पा घाईने उरकणे ही घरगुती फ्रॉस्टिंगमधली सर्वांत मोठी चूक होय, कारण एकदा साखर पडली की लोणी जड होते आणि नंतर त्यात हवा कोंडणे कठीण जाते. व्हॅनिला आणि मीठ याच वेळी घालावे. त्यानंतर साखर तीन-चार भागांत, प्रत्येक वेळी बीटर मंद ठेवून मिसळावी. भांड्यावर ओले फडके टाकले आणि पंखा बंद ठेवला तर ओट्यावर साखरेचा धुरळा उडत नाही. दूध अखेरीस, एकेक चमचा करून घालावे. दुधाचे दोन चमचे घट्ट फ्रॉस्टिंगला पसरण्याजोगे करतात आणि पाचवा चमचा त्याचे कायमचे नुकसान करतो. साखर वाढवून ते सावरता येते, पण मग गोडी इतकी वाढते की केकची चव उरत नाही. शेवटी दोन मिनिटे बीटर बाजूला ठेवून स्पॅच्युलाने मिश्रण भांड्याच्या भिंतीवर दाबत घोटावे, म्हणजे हवेचे मोठे पोकळ बुडबुडे फुटतात, लहान टिकतात आणि केकवर पसरताना पृष्ठभागाला भोके पडत नाहीत.

ज्या सुगंधाच्या नावाने हे फ्रॉस्टिंग ओळखले जाते, त्याच्याकडे स्वयंपाकघरात सर्वांत कमी लक्ष जाते. बाटलीचे झाकण उघडून दोन थेंब टाकण्यापलीकडे व्हॅनिलाचा विचार होत नाही. व्हॅनिला ही मूळची मेक्सिकोतली, आमर म्हणजे ऑर्किड कुळातील वेल असून तिच्या लांब शेंगांवरूनच, स्पॅनिश भाषेतील ‘छोटी शेंग’ या अर्थाच्या शब्दापासून, तिला हे नाव पडले. युरोपीयांनी ही वेल आपल्या वसाहतींत नेली तेव्हा ती वाढली, फुलली, पण शेंग धरेना. कारण तिचे परागण करणाऱ्या मधमाश्या मेक्सिकोतच राहिल्या होत्या. फुलाच्या पुंकेसराच्या आणि स्त्रीकेसराच्या मध्ये एक पातळ पडदा असतो आणि फूल उमलते ते एका दिवसापुरतेच. बेल्जियममध्ये शार्ल मोरेन यांनी १८३६ मध्ये हे परागण हाताने करून दाखवले होते, परंतु मळ्यात वापरता येईल अशी सोपी रीत शोधून काढली ती हिंदी महासागरातील रेयुनियन बेटावरच्या एडमंड आल्बियुस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने, १८४१ मध्ये. बांबूच्या बारीक कामटीने तो पडदा उचलायचा आणि अंगठ्याने परागकोश खाली दाबायचा, एवढीच ती कृती. आजही जगातल्या मळ्यांत एकेक फूल याच रीतीने फळवले जाते. या शोधावर बेटाची भरभराट झाली, आल्बियुसला १८४८ मध्ये गुलामगिरी संपल्यावर स्वातंत्र्य मिळाले, पण तो १८८० मध्ये दारिद्र्यातच मरण पावला. प्रत्येक व्हॅनिला केकवर ज्याचा हक्काचा वाटा आहे, त्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक असावे ही खेदाची गोष्ट आहे.

वेलीवरची हिरवी शेंग निर्गंध असते. परागणानंतर आठ-नऊ महिन्यांनी ती काढून गरम पाण्यात बुडवतात, कांबळ्यात गुंडाळून तिला घाम आणतात, रोज थोडे ऊन देऊन वाळवतात आणि मग पेट्यांत मुरवत ठेवतात. या काही महिन्यांत शेंगेतली विकरे, म्हणजे रासायनिक क्रिया घडवून आणणारी प्रथिने, साखरेशी बांधलेल्या गंधद्रव्याला मोकळे करतात आणि ती काळी, लवचीक व सुवासिक होते. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांपासून जेमतेम एक किलो तयार माल मिळतो. भारतात कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूत तिची लागवड होते. तिच्या सुगंधातला मुख्य घटक व्हॅनिलिन हा निकोला-तेओदोर गोब्ले यांनी १८५८ मध्ये वेगळा केला, आणि १८७४ मध्ये फेर्डिनांड टीमान व विल्हेल्म हारमान या जर्मन रसायनज्ञांनी तो सूचिपर्णी झाडांतील एका द्रव्यापासून कृत्रिम रीतीने बनवला. पुढे लवंगेच्या तेलापासून, कागद गिरण्यांतील टाकाऊ द्रवापासून आणि आता मुख्यतः खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून तो तयार होऊ लागला. वाण्याकडे मिळणारे ‘व्हॅनिला इसेन्स’ हे बहुधा या कृत्रिम व्हॅनिलिनचेच द्रावण असते, तर ‘एक्स्ट्रॅक्ट’ म्हणजे शेंगा मद्यार्कात मुरवून काढलेला अर्क होय, ज्यात व्हॅनिलिनबरोबर इतरही शेकडो सूक्ष्म गंधद्रव्ये उतरलेली असतात.

एक्स्ट्रॅक्टची बाटली इसेन्सच्या अनेक पटींनी महाग असते, म्हणून ती कोठे वापरावी हा विचार करण्यासारखा प्रश्न आहे. ओव्हनच्या उष्णतेत ही नाजूक गंधद्रव्ये मोठ्या प्रमाणात उडून जातात आणि भाजलेल्या केकमध्ये दोन्हींतला फरक ओळखणे कठीण होते. फ्रॉस्टिंगला मात्र आच लागतच नाही, आणि लोण्याचा स्निग्धांश सुगंध धरून ठेवून जिभेच्या उबेने तो हळूहळू सोडतो. तेव्हा केकच्या पिठात साधे इसेन्स आणि फ्रॉस्टिंगमध्ये खरा अर्क, ही विभागणी रास्त ठरते. शेंग मिळाली तर ती लांबीने चिरून आतला काळा गर सुरीच्या पाठीने खरवडून लोण्यातच फेसावा, आणि उरलेले साल साखरेच्या बरणीत खोचून ठेवावे. महिन्याभरात ती साखर सुवासिक होते.

फ्रॉस्टिंग बिघडते तेव्हा ते बहुतेक वेळा तापमानामुळे बिघडते आणि म्हणूनच ते सावरता येते. फेटता फेटता मिश्रण नासलेल्या दुधासारखे कणीदार दिसू लागले, कडेने पाणी सुटले, तर लोणी थंड राहिले आहे असे समजावे. भांड्याच्या बुडाला गरम पाण्यात पिळलेले फडके लावावे, किंवा दोन-तीन चमचे मिश्रण वाटीत घेऊन कोमट करून, फेटणे चालू ठेवून, परत ओतावे. पाहता पाहता त्या कण्या एकमेकींत विरतात आणि मिश्रण पुन्हा सलग होते. उलट ते पातळ होऊन बीटरवरून ओघळू लागले तर भांडे पंधरा मिनिटे फ्रिजमध्ये किंवा बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवून पुन्हा फेसावे. या दोन्ही प्रसंगी साखर किंवा दूध वाढवण्याचा मोह टाळावा.

अमेरिकी फ्रॉस्टिंगचा खरा दोष मात्र तापमानाचा नसून गोडीचा आहे, आणि त्याबद्दल स्पष्ट बोलणे आवश्यक आहे. ५०० ग्रॅम साखर बारा तुकड्यांत वाटली तर केकमधली साखर सोडून नुसत्या आवरणातूनच प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ४२ ग्रॅम साखर येते. प्रौढ माणसाने दिवसभरात मिळून जास्तीत जास्त किती वरची साखर खावी याची जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली मर्यादा साधारण ५० ग्रॅम आहे. साखर निम्मी करावी म्हटले तर फ्रॉस्टिंग सैल पडते, कारण वर सांगितलेले न विरघळलेले कणच त्याला घट्टपणा देत असतात. या पेचातून सुटण्याचा जुना आणि आज काहीसा विसरला गेलेला मार्ग म्हणजे शिजवलेल्या दुधाचे फ्रॉस्टिंग. अमेरिकेत रेड व्हेल्व्हेट केकवर जुन्या रीतीप्रमाणे हेच लावले जाई, आणि अर्मिन या प्राण्याच्या पांढऱ्याशुभ्र, मऊ फरीवरून त्याला अर्मिन फ्रॉस्टिंग असे नाव आहे. मराठी घरांसाठी याहून योग्य प्रकार सापडणे कठीण. यात अंडे नाही, परके साहित्य नाही आणि दुधाला पीठ लावून आटवण्याची सवय इथल्या हातांना आहेच.

त्यासाठी ४० ग्रॅम मैदा आणि २०० ग्रॅम साधी साखर कोरडीच एकत्र करावी, त्यात २५० मिलिलिटर थंड दूध थोडे थोडे ओतत गुठळ्या मोडाव्यात आणि जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर सतत ढवळत राहावे. साखर कोरड्या मैद्याचे कण एकमेकांपासून दूर ठेवते, त्यामुळे गुठळ्या कमी होतात. पण तीच साखर पिठातल्या स्टार्चला फुगायला उशीर लावते, म्हणून मिश्रण घट्ट दिसू लागताच आच बंद न करता त्याला बुडबुडे येऊ द्यावेत आणि आणखी मिनिटभर शिजवावे, नाहीतर कच्च्या पिठाची चव मागे राहते. पळी बुडातून ओढल्यावर क्षणभर पातेल्याचा तळ दिसला की लापशी झाली. ती ताटात पसरून, तिच्यावर साय धरू नये म्हणून बटर पेपर थेट पृष्ठभागाला चिकटवून, पूर्ण निवू द्यावी. तर्जनीला किंचितही ऊब जाणवत असेल तर थांबावे. त्या उबेने लोणी वितळते आणि श्रम फुकट जातात. मग २२५ ग्रॅम लोणी वर सांगितल्याप्रमाणे फेसून त्यात ही लापशी चमचा चमचा करत फेटत जावे आणि शेवटी व्हॅनिला घालावा. मध्यावर एकदा हे मिश्रण विसविशीत दिसते, परंतु फेटणे चालू ठेवले की ते एकाएकी जुळून येते आणि फेटलेल्या साईसारखे हलके होते. येथे दुधात पाणी भरपूर असल्यामुळे २०० ग्रॅम साखर संपूर्ण विरघळते, एकही कण शिल्लक राहत नाही, आणि घट्टपणाचे काम साखरेऐवजी स्टार्च करतो. दर तुकड्यामागे साखर १७ ग्रॅमच्या आसपास येते, आणि जी गोडी कमी होते तिच्या जागी दुधाची आणि व्हॅनिलाची चव पुढे येते.

अंडे चालणाऱ्या घरांत स्विस आणि इटालियन पद्धतीही करता येतात. पहिलीत अंड्याचा पांढरा बलक आणि साखर वाफेवर सुमारे ७० अंशांपर्यंत तापवून मग फेटतात, दुसरीत ११५ ते १२० अंशांचा साखरेचा पाक फेटलेल्या बलकात धारेने सोडतात, आणि दोन्हींत शेवटी लोणी घालतात. त्यांचा पोत अतिशय तलम येतो, पण पाकाचे तापमापक आणि सरावाचा हात नसेल तर त्यांच्या वाटेला प्रथमच जाऊ नये.

बेकरीतले पांढरेशुभ्र ‘क्रीम’ या कोणत्याच प्रकारात बसत नाही. ते बहुधा गोठवलेल्या पुठ्ठ्याच्या डब्यातून येणारे, हायड्रोजन प्रक्रिया केलेले वनस्पती तेल, पाणी, साखर आणि ते एकजीव ठेवणारी द्रव्ये यांचे मिश्रण असते; ते फेटल्यावर कितीतरी पट फुलते, उकाड्यात लोण्यापेक्षा जास्त वेळ तग धरते आणि स्वस्त पडते, म्हणून व्यवसायाला सोयीचे आहे. जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यतेले आणि वनस्पती तुपातील, अशा प्रक्रियेत तयार होणाऱ्या ट्रान्स मेदाची मर्यादा २ टक्क्यांवर आली, ही चांगली गोष्ट झाली. लोण्याचे फ्रॉस्टिंग आरोग्यदायी आहे असा दावा कोणी करू नये, त्यातही संपृक्त मेद भरपूर असतो. परंतु ते खाल्ल्यावर टाळूला मेणचट थर चिकटून राहत नाही, कारण लोणी तोंडाच्या उबेला पूर्ण वितळते.

केकवर लावण्याचे तंत्र थोडक्यात सांगता येते, पण त्यातला एक टप्पा वगळून चालत नाही. केक पूर्ण गार झालेला हवा. प्रथम फ्रॉस्टिंगचा अगदी पातळ, खालचा केक दिसेल इतका झिरझिरीत थर सर्वत्र ओढून केक अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावा. भिंतीला रंगाआधी अस्तर देतात तसा हा थर सुटे कण जागीच धरून ठेवतो आणि वरचा मुख्य थर स्वच्छ बसतो. सुरी गरम पाण्यात बुडवून, कोरडी पुसून फिरवली की पृष्ठभाग गुळगुळीत येतो. गाईच्या लोण्याचे फ्रॉस्टिंग पिवळसर दिसत असेल तर सुईच्या टोकावर येईल इतका जांभळा खाद्यरंग त्यात मिसळावा. पांढऱ्या कपड्यांचा पिवळेपणा घालवण्यासाठी त्यांना नीळ देतात, त्यातलेच हे तत्त्व आहे. नक्षीसाठी महागडी पिशवी लागत नाही. बटर पेपरचा मेंदीच्या कोनासारखा कोन वळून त्याचे टोक तिरपे कापले तर पाने उमटतात, सरळ कापले तर अक्षरे लिहिता येतात, आणि मेंदी काढणाऱ्या मुलींचा हात या कामात पहिल्याच प्रयत्नात स्थिर चालतो. फक्त कोन मुठीत धरण्याऐवजी बोटांच्या टोकांनी धरावा, कारण तळहाताची ऊब कोनातले लोणी वितळवते.

उरलेले फ्रॉस्टिंग घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये आठवडाभर चांगले राहते. लोणी आजूबाजूचे वास ओढून घेते, त्यामुळे त्याच कप्प्यात चिरलेला कांदा किंवा मासळी असेल तर डबा दुहेरी झाकावा. पुन्हा वापरताना ते आधी मऊ होऊ द्यावे आणि दोन-तीन मिनिटे फेसून घ्यावे, म्हणजे निसटलेली हवा परत येते. तयार केकही महाराष्ट्राच्या हवेत फ्रिजमध्येच ठेवावा लागतो, परंतु तो तसाच थंडगार कापू नये. थंड लोणी जिभेवर मेणासारखे लागते आणि सुगंध आतच अडकून राहतो. पुण्याच्या डिसेंबरात कापण्याआधी तासभर, मुंबईच्या मे महिन्यात जेमतेम पंधरा मिनिटे केक बाहेर काढून ठेवला, की आवरणावरची गारव्याची पुसट झाक जाते, बोटाचा हलका ठसा उमटण्याइतके ते मऊ होते आणि व्हॅनिलाचा वास सुरी लागण्यापूर्वीच खोलीभर दरवळू लागतो.